रायपूरच्या ताटाशेजारी इटलीची बाटली

रायपूरच्या शास्त्री बाजारात टोमॅटो मागा किंवा ‘पताल’ मागा, पिशवीत एकच वस्तू पडते. छत्तीसगढीत टोमॅटोला पताल म्हणतात. धमधा आणि जशपूरकडच्या शेतांतून हिवाळ्यात तो इतका येतो की भाजीवाली बाई वजन करून झाल्यावर दोन-चार वरून टाकते. मग घरोघरी पाटा-वरवंटा निघतो. पताल, हिरवी मिरची, लसूण, कोथिंबीर, मीठ. बाकी काही नाही. तांदळाच्या गरम चिल्याबरोबर ही चटणी खाल्ली की जिभेच्या दोन्ही कडांना पाणी सुटतं.

इटलीचं नाव काढलं की आपल्या डोळ्यांसमोर पिझ्झा-पास्ता येतो, म्हणजे पुन्हा टोमॅटोच. खरं तर तो ना त्यांचा, ना आपला. अमेरिका खंडातून सोळाव्या शतकात तो युरोपात पोहोचला आणि तिथून फिरत फिरत आपल्याकडे आला. पण इटलीच्या मधल्या भागातल्या वाइन आंबट जेवणाच्या शेजारी बसूनच मोठ्या झाल्या. म्हणून एक प्रश्न पडतो. छत्तीसगढचं जेवणही आंबटाशिवाय पुढे सरकत नाही. दही, ताक, चिंच, पताल, अमारी म्हणजे आपली अंबाडी, काही ना काही असतंच. मग या दोघांचं जमेल का?

हा प्रश्न आमच्या घरात गेल्या डिसेंबरात चार बाटल्यांसह दाखल झाला. माझा भाचा इटलीत तुरिनला पदव्युत्तर शिक्षण घेतो. त्याला भेटायला नणंद आणि तिचे यजमान गेले होते. परतताना तिघेही बरोबर आले. परदेशातून येताना एका प्रौढ माणसाला दोन लिटरपर्यंत मद्य करमुक्त आणता येतं, त्या हिशोबात तिघांच्या सामानात चार बाटल्या आरामात बसल्या. (एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेताना नियम बदलतात, ते आधी विचारून घ्यावेत.) एक फसफसणारी प्रोसेको, एक कियांती क्लासिको, एक बार्बेरा द’आस्ती आणि एक गोड मोस्कातो द’आस्ती.

आमचं घर तात्यापाऱ्यात. रायपूरमधली ही जुनी मराठी वस्ती. 1741 मध्ये नागपूरकर भोसल्यांचे भास्करपंत रतनपूरवर चालून आले, पुढे बिंबाजी भोसले 1758 पासून 1787 पर्यंत रतनपूरला राहून कारभार पाहत होते. त्या निमित्ताने कारकून, पुजारी, वैद्य, सावकार अशी मराठी माणसं इकडे सरकली आणि राज्य गेल्यावरही परत गेली नाहीत. आमच्या स्वयंपाकघरात पुरणपोळी आणि फरा एकाच पातेल्याच्या वाफेवर वाढले आहेत. पण या घरात बाटली मात्र कधी आलेली नव्हती.

आईंची अट

त्याला कारण आहे. सासूबाईंचं माहेर दल्ली-राजहऱ्याचं. भिलाईच्या पोलाद कारखान्याला लोहखनिज पुरवणारी ही खाणवस्ती. त्यांचे वडील तिथे कचेरीत होते. पगाराच्या दिवशी संध्याकाळी खाणीच्या रस्त्यावर काय चाले, ते त्यांनी लहानपणी खिडकीतून पाहिलं आहे. आठवड्याची मजुरी घरी पोहोचण्याआधीच भट्टीवर संपायची. 1977 मध्ये शंकर गुहा नियोगींच्या पुढाकाराने तिथे छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघ उभा राहिला. संघाने मजुरी वाढवून घेतली आणि पाठोपाठ दारूविरुद्ध मोहीम उघडली, कारण वाढलेली मजुरी कुठे जाणार हे सगळ्यांना दिसत होतं. त्या मोहिमेत सर्वांत पुढे बायका होत्या. आज वाइनचे ग्लास हलवत सुगंधावर बोलणाऱ्या कुणीही छत्तीसगढमध्ये हे विसरून बोलू नये, असं मला वाटतं.

त्यामुळे टेबलावरच्या चार बाटल्या पाहून आई गप्पच झाल्या. मग म्हणाल्या, “मी पिणार नाही. जेवण मी करीन. आणि आधी पानं वाढायची, मगच ते उघडायचं. रिकाम्या पोटी या घरात काही होणार नाही.”

भाचा हसला. “आजी, तिथेही असंच असतं. संध्याकाळी नुसता ग्लास मागितला तरी शेजारी खायचं येतं. आणि घरी तर वाइन जेवणाबरोबरच.”

मामला तिथेच मिटला. नणंदेचा बेत हॉटेलातून पनीर बटर मसाला आणि पास्ता मागवायचा होता. ‘इटलीच्या वाइनबरोबर आपली भाजी कशी चालेल?’ हा तिचा मुद्दा. बाहेरून काही ‘चांगलं’ आलं की घरातलं जेवण लपवायची आपल्याला सवयच आहे. फरा, चिला, जिमीकांदा हे नेहमीचे, पाहुण्यांसमोर पनीर. आईंनी ऐकून घेतलं आणि सुरण चिरायला घेतला.

ठेठरी, खुरमी असं तळलेलं आम्ही गढकलेव्यातून आणलं. महंत घासीदास संग्रहालयाच्या आवारात 2016 पासून चालणारं हे छत्तीसगढी खाण्याचं ठिकाण. रायपूरला आलात तर संग्रहालय पाहून तिथेच जेवावं. मातीच्या भिंती, झाडांची सावली, समोर गरम चौसेला. शहरात मोठी हॉटेलं पुष्कळ आहेत, पण छत्तीसगढचं ताट एका जागी एवढ्या सहजपणे क्वचितच मिळतं.

आधी नाक, मग जीभ

वाइनची चव घेणं हे सत्तर टक्के नाकाचं काम आहे, असं भाच्याला तिथल्या एका शेतकऱ्याने सांगितलं. आकडा सोडा, गोष्ट खरी आहे. सर्दी झाल्यावर वरणाला चव लागत नाही, ती याच कारणाने. ग्लासात थोडीच ओतायची, तळाला पसरेल एवढी. देठाला धरायचं, म्हणजे हाताची ऊब लागत नाही. गोल फिरवून नाक आत घालायचं. मग छोटा घोट घेऊन तोंडभर फिरवायचा आणि तीन गोष्टी पाहायच्या. कडांना पाणी सुटतं का? तो आंबटपणा. हिरड्या कोरड्या पडून जीभ खरखरीत होते का? तो तुरटपणा. घशाशी ऊब जाणवते का? ते अल्कोहोल.

माझ्या अकरा वर्षांच्या मुलीलाही या खेळात यायचं होतं. तिच्यासाठी आम्ही तीन कप मांडले. पातळ कोकम सरबत आंबटपणासाठी, दहा मिनिटं उकळलेला बिनदुधाचा चहा तुरटपणासाठी आणि जांभळाचं सरबत दोन्हीसाठी. काळ्या चहाने तोंड कसं आक्रसतं, तसंच लाल वाइनने होतं, कारण दोन्हींत टॅनिन असतं. वाइनमध्ये ते द्राक्षाच्या साली आणि बियांतून उतरतं. चहात दूध घातलं की तुरटपणा मावळतो, कारण दुधातलं प्रथिन टॅनिनला धरतं. तुरट वाइनबरोबर मटण किंवा चीज का खातात, याचं उत्तर तिला त्या चहाच्या कपातच सापडलं. ज्या घरात कुणी पीत नाही, तिथेही हा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे.

आणि मग एक अनपेक्षित गोष्ट झाली. भाच्याने कियांतीचा ग्लास फिरवून आईंपुढे धरला. “आजी, पिऊ नका. फक्त वास घ्या.” त्यांनी चष्मा काढला, वास घेतला, पुन्हा घेतला. “पिकलेलं करवंद. नाही, करवंद नाही, आवळ्याच्या मोरावळ्याला लवंग घातल्यावर येतो तसा. आणि मागे ओली माती, पहिल्या पावसातली.” आम्ही सगळे तोच ग्लास हुंगून ‘छान आहे’ यापलीकडे गेलो नव्हतो. साठ वर्षं फोडणी कधी झाली हे वासावरून ओळखणाऱ्या बाईच्या नाकाला कुठल्या अभ्यासक्रमाची गरज असणार!

काळ्या कोंबड्याची वाइन

कियांती क्लासिकोच्या बाटलीवर काळा कोंबडा असतो. त्याची गोष्ट मुलांना फार आवडते. फ्लॉरेन्स आणि सिएना या दोन शहरांचं सीमेवरून भांडण होतं. तोडगा असा निघाला की पहाटे कोंबडा आरवताच दोन्ही शहरांतून एकेक घोडेस्वार निघेल आणि ते जिथे भेटतील तिथे सीमा. सिएनाने पांढरा कोंबडा निवडला आणि त्याला चारून लठ्ठ केलं. फ्लॉरेन्सने काळा कोंबडा अंधारात उपाशी ठेवला. तो भुकेने पहाटेच्या कितीतरी आधी ओरडला, त्यांचा स्वार लवकर निघाला आणि सिएनाच्या वेशीजवळच जाऊन पोहोचला. बहुतेक प्रदेश फ्लॉरेन्सचा झाला. ही दंतकथाच. पण 1716 मध्ये टस्कनीच्या ग्रँड ड्यूकने, तिसऱ्या कोसिमोने, कियांतीची हद्द फर्मान काढून ठरवली, हे इतिहासातलं आहे. हापूस कुठला आणि नागपुरी संत्रं कुठलं यावर आपण आज मानांकनं मिळवतो, ते काम तिथे तीनशे वर्षांपूर्वी सुरू झालं होतं.

एक काळ असा होता की कियांती म्हणजे गवताच्या विणीत गुंडाळलेली पोटफुगी बाटली, स्वस्त हॉटेलात मेणबत्ती लावायला बरी. इटलीत 1963 साली वाइनच्या मूळ प्रदेशाचे नियम करणारा कायदा झाला, पुढे ते आणखी कडक झाले, आणि हळूहळू त्याच वाइनला मान मिळाला. आज क्लासिकोत किमान 80 टक्के सांजोवेजे जातीची द्राक्षं लागतात. बाटलीच्या मानेवर क्रमांक असलेली कागदी पट्टी असते, घेताना ती पाहावी.

सांजोवेजे आंबट आणि तुरट, दोन्ही. चिला आणि पतालच्या चटणीबरोबर ती आली तेव्हा टेबलावर एक क्षण शांतता झाली. इथे एक नियम कामाला येतो. वाइन जेवणाइतकी किंवा जेवणाहून जास्त आंबट हवी. नाहीतर टोमॅटोपुढे ती पाण्यासारखी मिळमिळीत लागते. कियांती टिकली. चटणीतला टोमॅटो गोड वाटू लागला आणि वाइनमधलं फळ वर आलं. यजमानांनी केलेल्या मटणाबरोबरही ती खुलली, कारण चरबीने तुरटपणा गुळगुळीत केला.

पण लाल मिरची-लसणाची चटणी पानात आली आणि सगळं बिघडलं. वाइन कडू झाली, तोंड पेटलं. अल्कोहोल तिखटाला भडकवतं आणि टॅनिन त्यात कोरडेपणाची भर घालतं. जास्त अल्कोहोल, जास्त तुरट अशी भारी लाल वाइन आपल्या झणझणीत रश्श्याबरोबर घेणं म्हणजे दोन्हींचं वाटोळं. सावजी मटणाबरोबर महागडी लाल वाइन मागवणाऱ्यांना माझा एवढाच निरोप आहे.

दुसरी गंमत तापमानाची. ‘लाल वाइन खोलीच्या तापमानाला घ्यावी’ हे वाक्य युरोपातल्या थंड दगडी घरांसाठी आहे. तिथली खोली सोळा-अठरा अंशांची असते. रायपूरची खोली मे महिन्यात किती अंशांची असते, हे कूलरसमोर बसून दुपार काढणाऱ्याला विचारा. चव्वेचाळीस-पंचेचाळीसच्या उन्हाळ्यात लाल वाइनही अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवूनच उघडावी. नाहीतर वासाऐवजी नुसता भपकारा येतो. पांढरी आणि फसफसणारी तर चांगली थंडगारच हवी.

सांजोवेजे अकलूजलाही पिकते

हे द्राक्ष चाखायला टस्कनीला जायलाच हवं असं नाही. दोन वर्षांपूर्वी पंढरपूरच्या वारीहून नाही, पण पंढरपूरच्याच वाटेवर आम्ही अकलूजला थांबलो होतो. माळशिरस तालुका म्हटलं की नीरेचं पाणी, ऊस आणि साखर कारखाना आठवतो. तिथून आत मोटेवाडीकडे वळलं की जमीन माळरानाची होते आणि रांगांनी द्राक्षवेली दिसू लागतात. या बागा फ्रातेल्लीच्या. इटालियनमध्ये या शब्दाचा अर्थ ‘भाऊ’, अनेकवचनी. इटलीचे सेच्ची बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि अकलूजचे मोहिते-पाटील बंधू अशा तीन भावांच्या जोड्यांनी मिळून हा उद्योग उभा केला आणि टस्कनीतले वाइनतज्ज्ञ पिएरो मासी तो घडवायला इथे आले. त्यांच्या नावाजलेल्या लाल वाइनचं नाव ‘सेत्ते’, म्हणजे सात. तीन जोड्यांचे सहा आणि सातवे मासी. तीत सांजोवेजे आहे आणि सोबत कॅबर्ने सोव्हिन्यों.

मला तिथे सर्वांत रस वाटला तो छाटणीत. इटलीत वेल हिवाळ्यात झोपते, वसंतात जागी होते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात काढणी होते. सोलापूरच्या मातीत तिला झोपच नाही. त्यामुळे आपल्याकडे वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तिने काडी तयार होते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, तिच्यातून घड येतात. काढणी जानेवारी ते मार्चमध्ये, म्हणजे इटलीत वेली उघड्याबोडक्या असताना. तेच द्राक्ष, पण ऋतू उलटे. चवीतही ते कळतं. अकलूजची सांजोवेजे जास्त उन्हाळलेली, फळाला गोडसर, आंबटपणा जरा नरम. तिथे चाखताना आमच्या पिशवीत भाकरी आणि सोलापुरी शेंगा चटणी होती. शेंगदाण्याच्या तेलाने तुरटपणा असा काही आवरला की चीजची आठवणही झाली नाही. बाग आणि कारखाना पाहायचा, वाइन चाखायची सोय तिथे आहे. जायचं तर जानेवारी-फेब्रुवारीत, आधी कळवून, आणि गाडी चालवणाऱ्याने ग्लासाला हात न लावता.

जिमीकांद्याचा विजय

रायपूरच्या टेबलावर परत येऊ, कारण त्या दिवसाचा खरा नायक कियांती नव्हता. तो होता जिमीकांदा.

सुरणाला इथे जिमीकांदा म्हणतात आणि दिवाळीच्या सुमारास तो घरोघरी होतो. सुरण घशाला खाजवतो, म्हणून तो चिंचेत किंवा दह्यात शिजवतात. आईंनी तळून घेतलेल्या फोडी आंबट दह्याच्या रश्श्यात सोडल्या होत्या. सोबत इडहर. अळूला इथे कोचई म्हणतात. त्याच्या पानांवर उडदाच्या डाळीचं वाटण लावायचं, गुंडाळून वाफवायचं, कापून तळायचं आणि कढीत सोडायचं. आपली अळूवडी कढीत पोहायला शिकली तर तिचं जे होईल ते इडहर.

बार्बेरा हे इटलीच्या वायव्येकडच्या पिएमोंतेचं द्राक्ष. तुरिनहून आस्ती तासाभरावर. त्याच प्रदेशातली बारोलो ही राजेशाही, महाग आणि भयंकर तुरट. बार्बेरा मात्र रोजच्या जेवणाची. आंबटपणा भरपूर, तुरटपणा अगदी थोडा. आपल्या जेवणाला हवं ते नेमकं हेच. तळणीचं तेल तिने धुऊन काढलं, दह्याच्या आंबटाला ती पुरून उरली आणि बेताच्या तिखटाने भडकली नाही. कियांती दह्यापुढे जरा कडवट झाली होती. बार्बेराला काहीच झालं नाही. नणंदेने तीन वेळा इडहर घेतलं आणि पनीरचा विषय पुन्हा काढला नाही. कुणी मला विचारलं की भारतीय घरगुती जेवणाबरोबर इटलीची एकच लाल वाइन कोणती, तर मी नावाला भुलू नका, बार्बेरा घ्या असंच सांगेन.

प्रोसेकोचं काम सोपं होतं. व्हेनिसकडच्या भागातली ही हलकी फसफसणारी वाइन ग्लेरा जातीच्या द्राक्षांची. तिचे बुडबुडे मोठ्या पोलादी टाकीत तयार होतात, म्हणून ती तुलनेने स्वस्त. बेसनाच्या खारट ठेठरीबरोबर ती झक्क. भजी, साबुदाणा वडा, कोथिंबीर वडी, काहीही तळलेलं-खारट चालेल. यात फार डोकं लावायची गरज नाही.

न जमलेली एक जोडी सांगायलाच हवी. भाच्याच्या हट्टाने बासी काढला. रात्री पाण्यात भिजवलेला भात, सकाळी कांदा, हिरवी मिरची, मीठ आणि लोणच्याबरोबर खायचा. 2022 पासून काही वर्षं 1 मे ला इथे ‘बोरे बासी दिवस’ सरकारी पातळीवर साजरा झाला, इतका तो मजुराच्या आणि शेतकऱ्याच्या ताटाचा मानबिंदू. त्याच्यासमोर चारही वाइन हरल्या. पाण्यासोबत पाणीच बरं. बासीला शेजार लागत नाही.

फुलाचा वास

शेवटी मोस्कातो. जेमतेम पाच टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल, किंचित फेस, ताज्या द्राक्षाचा गोडवा. आईंनी स्वतःहून हात पुढे केला, वास घ्यायला. आणि लगेच म्हणाल्या, “महुआ.”

छत्तीसगढमध्ये मार्च-एप्रिलच्या पहाटे मोहाची फुलं टपटप पडतात. बायका-मुलं टोपल्या घेऊन उजाडायच्या आत झाडाखाली पोहोचतात. ताज्या फुलाचा वास गोड, जड, थोडा कस्तुरीसारखा, आणि मोस्कातोच्या सुगंधात त्याची सख्खी ओळख सापडते. वास ओळखताना आईंचा चेहरा दोन तऱ्हांनी बदलला. एक लहानपणीची टोपली. दुसरी पगाराच्या दिवसाची भट्टी. फूल तेच.

मोहाची दारू ही वाइन नव्हे. ती गाळलेली, म्हणून जास्त कडक. इटलीत तिचं नातं लावायचं तर ग्राप्पाशी लागेल. वाइन काढल्यावर उरलेल्या द्राक्षाच्या चोथ्यापासून गाळलेलं हे पेय कधीकाळी थंडीत कुडकुडणाऱ्या गरीब शेतकऱ्याचं होतं. आज ते नाजूक काचेच्या बाटलीत, छोट्या ग्लासात, जेवणानंतर मानाने येतं. आपल्याकडे गोष्ट वेगळी वळली. इंग्रजांनी 1878 च्या मुंबई अबकारी कायद्यासारख्या कायद्यांनी गावठी गाळप आवळून धरलं, कारण त्यांना महसूल हवा होता, आणि देवाला चढवण्याचं, लग्नात वाटण्याचं पेय चोरीचं झालं. छत्तीसगढमध्ये आदिवासींना स्वतःच्या वापरापुरतं, ठरलेल्या मर्यादेत ते गाळायची मुभा आहे. बाकीची विक्री मात्र 2017 पासून सरकारी महामंडळाच्या दुकानांतून चालते. तिथे परदेशी लेबलांचा कप्पा काचेमागे असतो.

“ते काचेत, हे डब्यात,” आई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात कुणाची बाजू नव्हती. भाच्याने विचारलं, “आजी, मोहाला पण असा मान मिळायला हवा ना?” त्यांनी थोडा विचार केला. “फुलाला मिळू दे. लाडू कर, भाकरीत घाल. बाटलीचं तुम्ही बघा. माझ्या डोळ्यासमोर किती संसार गेले.” या उत्तरावर माझ्याकडे तयार प्रतिवाद नाही. मला मोहाच्या दारूची हेटाळणी पटत नाही, आणि आईंचं म्हणणंही खोडता येत नाही.

मोस्कातोबरोबर देहरौरी होती. तांदळाचं पीठ दह्यात भिजवून, तळून, पाकात सोडलेली. गोडाबरोबर वाइन त्या पदार्थाइतकी तरी गोड हवी, नाहीतर ती आंबूस लागते. पाकातली देहरौरी मोस्कातोला भारी पडली. गुळाचा, खुसखुशीत अइरसा, म्हणजे आपल्या अनारशाचा इकडचा भाऊ, बरोबर बसला. संक्रांतीला गुळाच्या पोळीबरोबर जरूर पाहा, तूप सढळ घालून.

उरलेली बार्बेरा बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली, ती तीन दिवस चांगली राहिली. प्रोसेको त्याच रात्री संपवावी लागते, दुसऱ्या दिवशी ती निव्वळ आंबट पाणी होते.

जानेवारीत भाचा परत गेला. जाताना त्याच्या बॅगेत रखिया बडी होती, कोहळा आणि उडदाच्या डाळीची, आईंनी गच्चीवर वाळवलेली. गेल्या रविवारी त्याने तुरिनहून फोटो पाठवला. पातेल्यात बडीची रस्सा भाजी, शेजारी बार्बेराचा ग्लास, खिडकीबाहेर बर्फ. आईंनी मोबाइल जवळ घेऊन फोटो मोठा केला, ग्लासाकडे पाहिलंही नाही आणि विचारलं, “त्याला तिथे मुनग्याच्या शेंगा कुठे मिळाल्या?”